बुरूज का अडखळतो?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त म्हैसूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



नवरात्र जवळ आले की म्हैसुरातील घराघरांतून बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावरून खाली उतरतात. महाराष्ट्रात चैत्रगौरीपुढे आरास मांडतात, तशी येथे पायऱ्यापायऱ्यांची आरास होते. वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, त्यांच्याखाली देवदेवता, आणि सर्वांत खाली, जमिनीलगत, मुलांचे राज्य. तेथे बाग असते, बाजार असतो, चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी असतात. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी या खालच्या पायरीसाठी एके वर्षी रणगाडा आला. आजचे व्याख्यान त्या रणगाड्याविषयी, किंबहुना त्याच्या बुरुजाविषयी आहे.

हा विद्यार्थी शाळेत असताना सहलीबरोबर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेला होता. तेथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. १९६५च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन तेथे आहे, आवडीच्या कारखान्यात बांधलेला विजयंता आहे. त्या लोखंडी धुडांपुढे उभे राहिलेल्या मुलाच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला, की एवढा जड बुरूज फिरतो तरी कसा? पुढे तो अभियंता झाला, म्हैसूरच्या एका कारखान्यात नोकरीस लागला, संसार थाटला. मुलगी आठवीत गेली, तेव्हा बापलेकीने मिळून शर्मन रणगाड्याची रेडिओवर चालणारी प्रतिकृती आणली. प्रमाण होते एकास सोळा. रणगाडा पुढे-मागे झोकात चाले, चढ चढे, वळे. बुरूज मात्र अडखळे. मोटर गुणगुणत राही, बुरूज जागचा हलत नसे, आणि मग एकदम हिसका घेऊन ठरलेल्या जागेच्या पुढे निघून जाई.

खेळण्यातील ही खोड क्षुल्लक वाटेल. पण फिरत्या बुरुजाचा सारा इतिहास या एका खोडीशी झुंजण्यात गेला आहे.

म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीला चामुंडेश्वरीच्या सुवर्ण अंबारीला २१ तोफांची सलामी दिली जाते. मिरवणुकीतील हत्तींना आणि घोड्यांना त्या आवाजाची सवय व्हावी, म्हणून आधी काही दिवस सराव होतो. त्या तोफा जुन्या धर्तीच्या, चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या आहेत. अशा तोफेचा रोख बदलायचा, तर गाड्याचे शेपूट उचलून सबंध तोफच वळवावी लागते. गाडा जागच्या जागी राहावा आणि तोफ तेवढी चहूकडे फिरावी, या गरजेतून फिरता बुरूज जन्मला. १८६२च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील यादवी युद्धात ‘मॉनिटर’ ही चिलखती नौका लढाईत उतरली. जॉन एरिक्सन याने आखलेल्या या नौकेवर दोन तोफांचा वाटोळा बुरूज होता आणि तो वाफेच्या बळावर फिरे. लढाईत अडचण आली ती नेमकी म्हैसूरच्या खेळण्यासारखी. बुरूज सुरू करणे कठीण, आणि एकदा सुरू झाला की हव्या त्या जागी थांबवणे त्याहून कठीण. अखेर तोफखान्यावरच्या माणसांनी तो थांबवण्याचा नाद सोडला आणि बुरूज फिरत असतानाच, शत्रू समोर येताक्षणी, तोफा डागल्या.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्सच्या रेनो कंपनीचा छोटा रणगाडा आला. चौफेर फिरणारा बुरूज छपरावर असण्याची जी रचना आज सर्वत्र दिसते, ती त्याने रूढ केली. तो बुरूज आतला माणूस हातानेच फिरवीत असे. दुसऱ्या महायुद्धातील शर्मनमध्ये यंत्रशक्ती आली आणि बुरूज १५ सेकंदांत पूर्ण फेरी घेऊ लागला. हेच शर्मन पुढे भारतीय सैन्यातही होते. १९६५ साली असल उत्तरच्या रणभूमीवर डेक्कन हॉर्स ही पलटण शर्मन घेऊनच पॅटनना सामोरी गेली.

बुरूज केवळ झपाट्याने फिरून भागत नाही. नेम एक अंशाने चुकला, तर एक किलोमीटरवर गोळा सुमारे साडेसतरा मीटर बाजूला पडतो. शर्मनची लांबी सहा मीटरच्या आसपास. म्हणजे एका अंशाच्या हिसक्याने गोळा जवळजवळ तीन रणगाड्यांइतका दूर जातो. चालत्या लक्ष्याच्या मागे बुरूज मुंगीच्या पावलाने, न अडखळता सरकला पाहिजे. ते साधले नाही, तर आतल्या माणसांचे प्राण संकटात सापडतात.

म्हैसूरच्या घरात आधी तोच उपाय झाला, जो सर्वांना प्रथम सुचतो. बुरूज अडतो, तर अधिक ताकदीची मोटर बसवावी. मुलीने हट्टाने तशी मोटर आणवली आणि बसवली. पहिल्या दिवशी बुरूज फिरला, पण हिसके अधिकच जोराचे झाले. दुसऱ्या दिवशी कडकड असा आवाज आला आणि बुरुजाच्या दातेरी कड्याचे दोन दाते उडाले. घटस्थापना बारा दिवसांवर आली होती. वडील म्हणाले, “राहू दे. धातूचं तयार कडं मिळतं, मी मागवतो. तुझ्याने हे व्हायचं नाही.” त्यांच्या मनात राग नव्हता. कारखान्यातून थकून आलेल्या माणसाचे ते बोलणे होते. परंतु मुलीने रणगाडा खोक्यात घातला आणि खोके पलंगाखाली सरकवले. आरशीत आता काय मांडायचे, हा विषय तिने पुन्हा काढला नाही.

घरात आजी होती. बेळगावकडची, दोन्ही डोळ्यांची दृष्टी मंदावलेली. आठवडाभर कानावर पडणारी ती गुणगुण आणि तो हिसका एकाएकी बंद झाला, हे तिच्याच प्रथम लक्षात आले. तिने नातीला हाक मारली.

“ते तुझं यंत्र आण बघू इकडं.”

“आजी, ते मोडलंय.”

“मोडू दे की. मोटर काढून आण. नुसतं फिरवून बघूया.”

मोटर काढून रणगाडा आजीच्या मांडीवर आला. तिने बुरुजावर तळवा ठेवला आणि जाते फिरवावे तसा तो सावकाश फिरवला. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, “हितं अडतंय बघ. जात्यात खडा आला की असंच होतं. खडा असताना जोर लावला, तर पीठ नाही पडत पोरी, दगड फुटतो.”

आजीच्या तळव्याने जे सांगितले, त्याला विज्ञानाच्या पुस्तकात नाव आहे. स्थिर वस्तू हलवताना जे घर्षण अडवते ते स्थितिक घर्षण, आणि वस्तू सरकू लागल्यावर उरते ते गतिक घर्षण. पहिले बहुधा दुसऱ्यापेक्षा अधिक असते. घरातील लोखंडी कपाट ढकलणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. कपाट आधी हलत नाही, आणि हलले की एकदम हातभर पुढे जाते. मोटरचेही तसेच होते. ती ताण वाढवीत राहते. स्थितिक घर्षणावर मात झाली, की साठलेला सारा ताण एका क्षणात मोकळा होतो आणि बुरूज उडी घेतो. मोटर जितकी बलवान, तितकी उडी मोठी.

हेच अडणे-सुटणे एका ठिकाणी वरदान ठरते. म्हैसूरचे टी. चौडय्या सात तारांचे व्हायोलिन वाजवीत. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात, ती गजाने तार धरावी म्हणून. गज तारेला धरतो, ओढतो, तार सुटते, पुन्हा धरली जाते. एका सेकंदात हे शेकडो वेळा घडते आणि त्यातून स्वर उमटतो. व्हायोलिनला जे हवे, ते बुरुजाला नको. तेथे राळ लागते, येथे वंगण.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बुरूज पुरता उतरवायचा म्हटल्यावर मुलगी बिचकली. पुन्हा नीट बसला नाही तर? तेव्हा वडिलांनी तिला झोजी खिंडीची हकीकत सांगितली. म्हैसूरच्या शेजारच्या कोडगूतील मडिकेरी हे जनरल थिमय्यांचे जन्मगाव. १९४८ साली ते काश्मीर आघाडीवर मेजर जनरल होते. लेहचा रस्ता शत्रूने झोजी खिंडीत रोखून धरला होता. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर रणगाडे येतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सातव्या लाइट कॅव्हलरीचे छोटे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून काश्मीरमध्ये नेण्यात आले, ते बुरूज उतरवून, झाकूनपाकून. रस्त्यातले पूल कमजोर होते आणि गुप्तताही राखायची होती. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खिंडीची वाट रुंद केली. बुरूज पुन्हा चढवलेले रणगाडे १ नोव्हेंबर १९४८ रोजी खिंडीत शिरले आणि लेहचा मार्ग मोकळा होण्याची सुरुवात झाली. बुरूज उतरवणे म्हणजे रणगाडा मोडणे नव्हे, एवढे त्या मुलीला पटले.

पुढचा आठवडा संध्याकाळी सातनंतर जेवणाच्या टेबलावर जे चालले, त्यात वडिलांनी एक पथ्य पाळले. पेचकस मुलीच्या हातात राहील, त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न होता, खडा वरच्या दगडात की खालच्या? मुलीने अडण्याच्या जागी बुरुजावर आणि रणगाड्याच्या धडावर पेन्सिलीने समोरासमोर खुणा केल्या. मग बुरूज उचलून अर्धा फिरवून ठेवला आणि पुन्हा हाताने फिरवला. अडण्याची जागा बुरुजाच्या खुणेबरोबर सरकली, तर दोष बुरुजाच्या कड्यात. धडावरच्या खुणेपाशीच राहिली, तर दोष धडाच्या कड्यात. येथे दोन जागा निघाल्या. बुरुजाच्या कड्यावर साच्यातून उरलेली प्लॅस्टिकची बारीक कड होती, आणि धडावर एक स्क्रू अति आवळल्याने कडे किंचित उचलले गेले होते. ती कड पाव मिलिमीटरची असेल. पण एकास सोळा या प्रमाणात खऱ्या रणगाड्यावर ती चार मिलिमीटरचा उंचवटा ठरली असती.

स्क्रू अर्धा फेरा सैल केला. कडे बारीक वॉटर पेपरने, आधी ८०० आणि मग १२०० नंबरच्या, पाणी लावून घासले, धुतले, वाळवले. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला. साधे ग्रीस काही प्लॅस्टिकना फुगवते किंवा ठिसूळ करते, म्हणून ते टाळले. वंगणही बेताचेच लावले, कारण जास्त झाले की त्यात धूळ बसते आणि त्याचाच खडा होतो.

दुसरा प्रश्न तोलाचा. प्रतिकृतीची नळी धातूची होती. पुढे भार असल्याने बुरूज नाकावर कलंडे आणि कड्याच्या पुढच्या भागावरच घासे. बुरुजाच्या मागच्या पोकळीत लोखंडी वॉशर चिकटवून तोल साधला. खऱ्या रणगाड्यातही तोल असाच सांभाळावा लागतो, कारण रणगाडा उतारावर तिरका उभा राहिला की पुढे झुकणारा बुरूज उताराच्या बाजूला ओढ खातो.

तिसरा प्रश्न दात्यांचा. मोडलेल्या दात्यांसाठी नवे प्लॅस्टिकचे कडे आणावे लागले, साध्या किमतीचे. मोटरचे लहान चाक आणि मोठे कडे एकमेकांत फार रुतले तर घासतात, फार सुटे राहिले तर दाते घसरतात. मुलीने वहीच्या कागदाची पट्टी दोहोंच्या दात्यांमध्ये धरली, मोटर दाबून स्क्रू आवळले आणि कडे फिरवून पट्टी काढून घेतली. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली. तेवढी ढिलाई हवीच. मात्र कड्याची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर आणि नळीचे टोक मध्यापासून वीस सेंटिमीटरच्या आसपास. कड्याजवळची ढिलाई टोकाशी जवळजवळ चौपट होऊन दिसते आणि नळी डुलत राहते. त्यावर कड्याच्या आतून फेल्ट कापडाची पातळ पट्टी अशी लावली, की बुरुजाला सर्वत्र सारखी, अगदी हलकी ओढ राहील. घर्षण काढायला बसलेल्या मुलीने थोडे घर्षण स्वतःहून परत घातले! घर्षण समूळ नाहीसे झाले असते, तर बुरूज थांबवायला सांगितल्यावरही डुलत राहिला असता. त्रास घर्षणाचा नव्हता. एका जागी जास्त आणि दुसरीकडे कमी, या विषमतेचा होता.

चौथा प्रश्न गतीचा. शर्मनची फेरी १५ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला चार. छोटी मोटर मिनिटाला सहा हजार फेरे घेते असे धरले, तर मधल्या चाकांनी गती दीड हजार पटींनी कमी करायला हवी. गती जितकी उतरते, तितका जोर वाढतो. म्हणून ती दांडगी मोटर काढून जुनीच लहान मोटर बसवली आणि तिच्यापुढे चाकांचा आणखी एक संच जोडला. वीज देण्याची रीतही बदलली. पूर्वी कळ एकतर चालू असे किंवा बंद. नव्या नियंत्रकात कळ थोडी सारली की थोडी गती येते. तो वीज कमी दाबाने देत नाही, पूर्ण दाबाचे छोटे छोटे ठोके देतो. प्रत्येक ठोका मोटरला जागचे हलवण्याइतका जोरकस असतो, म्हणून ती अगदी मंद गतीतही अडून बसत नाही.

राहिल्या तारा. बुरुजातल्या ताठ तारा फिरताना पीळ खाऊन बुरुजाला मागे ओढत. त्यांच्या जागी मऊ सिलिकॉनच्या तारा, मध्ये सैल वेटोळे ठेवून, घातल्या.

सायकलचे छर्रे घालून कडे गोळ्यांवर फिरवावे, असेही मुलीला सुचले होते. ही कल्पना चुकीची नाही. खऱ्या रणगाड्याचा बुरूज अशाच गोळ्यांच्या मोठ्या बेअरिंगवर फिरतो, आणि रस्त्याच्या कामावरील पोकलेनची वरची खोली सर्वांगाने वळते तीही अशाच मोठ्या कड्यावर. पण गोळ्यांना वाट तंतोतंत वाटोळी आणि सपाट लागते. वाट वाकडी असेल, तर छर्रेही तिच्यात अडतात. आधी वाट नीट करावी, मग गोळ्यांचा विचार करावा, असे ठरले. वाट नीट झाल्यावर गोळ्यांची गरजच उरली नाही.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री बुरूज फिरला. वडिलांनी घड्याळ लावले होते, सतरा सेकंदांत एक फेरी. मग मुलीने कळ जराशी सारली, तेव्हा नळीचे टोक समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर न अडखळता गेले. खोलीत कोणी काही बोलले नाही. आजीने हात पुढे केला. तो कोठे न्यायचा, हे आता नातीला ठाऊक होते. फिरत्या बुरुजावर तळवा ठेवून आजी एक पूर्ण फेरी गप्प राहिली आणि म्हणाली, “आता पीठ एकसारखं पडतंय.”

त्या वर्षी राजा-राणीच्या पायथ्याशी, चन्नपट्टणच्या बाहुल्यांच्या बाजारात, शर्मन उभा राहिला. कुंकवाला येणाऱ्या बायका हसल्या, पोरे त्याच्याभोवतीच घुटमळली. वडिलांनी मागवण्याचे ठरवलेले धातूचे कडे कधी मागवलेच नाही.

पालकहो, या हकीकतीत उपाय कोणता चुकला आणि कोणता साधला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. मूल एखाद्या विषयात अडले, की घरोघरी पहिला विचार अधिक जोराचा होतो. आणखी एक शिकवणी, आणखी दोन तास, आणखी एक जाड पुस्तक. कधी तयार कडे आणून हातात दिले जाते, कधी पालकच प्रकल्प पुरा करून देतात. दांडग्या मोटरीने दाते उडतात, आणि तयार कड्याने मुलाला एवढेच कळते, की हे आपल्याने होणार नव्हते. त्यापेक्षा थोडा वेळ मोटर काढून ठेवावी, हात ठेवावा, अडते कोठे ते पाहावे. दोष मुलात आहे की ज्या कड्यावर ते बसवले आहे त्यात, याचीही खूण करून पाहावी. पुष्कळदा एखादा स्क्रू अति आवळलेला निघतो.

गेली साठ वर्षे शाळेच्या शिक्षकांनी हेच काम केले. त्यांच्यापाशी मोठी यंत्रे नव्हती. हात होते, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी होती. मेळाव्यास जमलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज मुले आहेत, काहींच्या घरी नातवंडेही आहेत. येत्या नवरात्रात आरशीच्या खालच्या पायरीवर एखादे अडखळणारे खेळणे दिसले, तर ते लगेच बदलू नये. पेचकस मुलाच्या हाती द्यावा आणि शेजारी बसावे.